काय घरमालक, कोण आलंय आज?

दवाखान्यात आलेल्या माणसाला ‘काय होतंय’ असं त्यांनी कधी विचारलं नाही. रक्त तपासायला कोणी समोर बसलं की डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट धरायचे, कापसानं पुसायचे आणि म्हणायचे, “काय घरमालक, कोण आलंय आज?” बाई असली तर “काय मालकीणबाई”. डोंगरावरच्या वाडीतली माणसं, ज्यांच्या घरावरचं गवत दर वर्षी वाऱ्यानं जायचं, ती मागं वळून बघायची की हा मालक म्हणतोय तरी कोणाला. तेवढ्यात सुई टोचून झालेली असायची.

ते आमच्या सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये होते. मी तिथला शिपाई. चौथी शिकलेला, कापडे गावचा, घरची भाताची खाचरं सांभाळून नोकरी करणारा. झाडलोट माझी, स्टोव्ह पेटवून सुया उकळणं माझं. लोक त्यांना दुर्बीणवाले म्हणायचे, कारण टेबलावर ती काळी दुर्बीण असायची, रक्तातले जंतू बघायची. घाटावरून आलेला एकटा माणूस. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारलं तर म्हणायचे, “दुर्बीण रागावेल.”

दुर्बिणीवर जीव होता हे खरं. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतीलासुद्धा बुरशी धरते. दुर्बिणीच्या काचेला धरू नये म्हणून ते तिच्या पेटीत बल्ब पेटता ठेवायचे. स्वतःच्या खोलीतली सतरंजी ओली ती ओलीच. मी म्हटलं, “अवो, त्या पेटीत तुम्हीच जाऊन झोपा.” तर म्हणाले, “मावलो असतो तर गेलोच असतो.”

मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय, पण मला बसता येत नाही. उजव्या कमरेला आग आहे. नागीण उठलीय. आमची मंडळी भाद्रपदात गेली, आणि तिला दीड महिना झाला नाही तोच ही आली. मागं पाठीच्या कण्यापासून निघाली आणि पुढं बेंबीकडं यायला लागली. पाण्यानं भरलेल्या फोडांची माळ. सदरा लागला तरी जीव जातो.

नागिणीचं आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. तिनं कमरेला वेढा घातला आणि तोंड शेपटीला मिळालं की माणूस संपला. म्हणून शेजारच्या घरातली मागाहून लग्न होऊन आलेली माझी चुलत भावजय रोज गेरू घेऊन यायची, दोन्ही टोकांना लावायला, म्हणजे पुढं सरकणार नाही. मी तिला लावू दिलं नाही.

“भावजी, असं का करताय? मिळाली तर?”

“मिळू दे.”

सून दारात उभी होती, तिनं ऐकलं. ती म्हणाली, “आबा, महाडला डॉक्टरकडं चला. गोळ्या पहिल्या तीन दिवसांत घ्यायच्या असतात, मी विचारलंय.” मी नाही गेलो. भिंतीकडं तोंड करून पडलो. मंडळीच्या एका जुन्या लुगड्याचा काठ फाडून घेतला होता. रोज सकाळी तो कमरेभोवती धरायचो आणि तोंडापासून शेपटीपर्यंत किती उरलंय ते बघायचो. कोणाला सांगायची गोष्ट नाही, पण लपवून तरी काय करू. मी वाट बघत होतो.

आणि असं मोजत असताना दुर्बीणवाले आठवायला लागले. नको असताना आठवायला लागले.

माझं लग्न होऊन दुसरं वर्ष होतं तेव्हा मला कांजिण्या आल्या. बाविशीच्या बाप्याला कांजिण्या, गाव हसलं. ताप असा की अंथरूण पोळायचं. मंडळीला लहानपणी येऊन गेल्या होत्या, म्हणून ती बिनधास्त जवळ बसायची. घरात फोडणी बंद. मी मिळमिळीत खातो म्हणून तीही तेरा दिवस तेच खात बसली. खाजवायला लागलो की कडुलिंबाचा डहाळा अंगावरून फिरवायची, तरी ऐकलं नाही तर माझे हात तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून ठेवायची. अठरा वर्षांची पोर, आणि मला म्हणायची, “लहान पोरगा बरा तुमच्यापेक्षा.” एवढं करून मी एक खपली काढलीच. उजव्या भुवईवर तो खड्डा अजून आहे.

बरं वाटायला लागलं तेव्हा दुर्बीणवाले घरी आले. ओटीवर बसले, चहा घेतला, आणि मंडळीला म्हणाले, “मालकीणबाई, गेला असं समजू नका. हा जात नाही. माळ्यावर जाऊन झोपलाय.”

ती घाबरून वर माळ्याकडं बघायला लागली. मग त्यांनी समजावून सांगितलं. ते समजावणं मी पुढं तीस वर्षं ऐकलं, दर रोग्याला ऐकवायचे, डॉक्टर ओरडले तरी.

म्हणायचे, विषाणू म्हणजे असा प्राणी की ज्याला स्वतःची चूल नाही. तुमच्या घरात शिरतो आणि तुमच्या चुलीवर, तुमच्या पिठाच्या, स्वतःच्या भाकऱ्या भाजतो. त्यांच्यात तीन जाती. एक पाहुणा. हा आला की गोंधळ. दिवसरात्र चूल पेटती, घर तापतं, अंग मोडतं. पण आठ-दहा दिवसांत जातो. सर्दी, गोवर, डासाचा ताप, हे पाहुणे. दुसरं कूळ. हे आवाज करत नाही. पडवीत बसतं, रोज एक भाकरी भाजून खातं, वर्षानुवर्षं. घरमालकाला पत्ता नसतो, आणि उठत मात्र नाही. आमच्या मुलखात कूळ म्हटल्यावर जास्त सांगावं लागायचं नाही. जमीन कसायला दिली आणि कुळाची झाली, हे दर दोन घरांआड झालेलं. आणि तिसरा माळ्यावरचा. आला तेव्हा पाहुण्यासारखा गोंधळ घालतो, पण जाताना दाराबाहेर पडत नाही. माळ्यावर चटई पसरतो आणि झोपतो. चूल पेटवत नाही, खात नाही, काही नाही. चाळीस वर्षं, पन्नास वर्षं. घरमालक म्हातारा झाला, थकला, घरात काही दुःख झालं, पहारा ढिला पडला, की शिडीवरून खाली उतरतो.

“आणि मग?” मंडळीनं विचारलं.

“मग नागीण. कांजिण्या आणि नागीण एकच माणूस. येताना एक सदरा, उतरताना दुसरा.”

तिनं जरा विचार केला. “जेवायला मागत नाय ना तो?”

“नाही.”

“मग झोपूं दे. माळ्यावर जागा हाय.”

दुर्बीणवाले एवढे हसले की कप कलंडला. त्या दिवसापासून ते दवाखान्यात तिची खबर विचारायचे ती मालकीणबाई अशी नाही, आमची मालकीणबाई अशी.

कामाला मात्र फार छळायचे. सुया पाण्याला उकळी फुटल्यावर वीस मिनिटं. ते घड्याळ घेऊन स्टोव्हजवळ बसायचे. एकदा मी दहा मिनिटांत काढल्या, बाहेर रांग होती म्हणून. त्यांनी तो अख्खा ट्रे जमिनीवर ओतला, रांगेसमोर. म्हणाले, “आता पुन्हा धू आणि पुन्हा उकळ.” मी म्हटलं, “जंतू काय दहा मिन्टांत मरत नाय?” ते म्हणाले, “जे या दुर्बिणीत दिसतात ते मरतात. जे दिसत नाहीत त्यांचं मी सांगत नाही.” विषाणू त्या दुर्बिणीत दिसायचाच नाही. एवढी जपलेली दुर्बीण, आणि ज्याच्याबद्दल ते सगळ्यात जास्त बोलायचे तो तिच्यात कधी आला नाही. मी चिडवायचो, “न बघितलेल्या माणसाच्या एवढ्या गोष्टी सांगताय.” म्हणायचे, “तू देवाच्या सांगतोसच की.”

एकदा वरच्या वाडीतून एका माणसाला चौघांनी डोलीत घालून आणलं. नागीण. बायको रडत होती, भाऊ म्हणाला, दोन बोटं राहिलीत हो मिळायला. डॉक्टर महाडला गेलेले. दुर्बीणवाल्यांनी जखमेला लावायचं जांभळं औषध घेतलं, काडीला कापूस गुंडाळला, आणि त्या माणसाच्या छातीच्या मधोमध, बेंबीवरून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली. पालथा करून पाठीच्या कण्यावर दुसरी.

“ही हद्द. भूमापनवाल्यांनी आखून दिलीय असं समज. ही नागीण हिच्या पलीकडं गेली तर मी नोकरी सोडतो आणि तुझ्या वाडीत गुरं राखतो.”

“पण का नाय जाणार?” बायको म्हणाली.

“तुमच्या खाचरांना पाणी पाटानं येतं ना? डाव्या पाटाचं पाणी उजव्या खाचरात जातं? मध्ये बांध आहे. अंगात शिरा तशाच आहेत. ज्या शिरेच्या मुळाशी तो झोपला होता, तिच्या बाजूचंच खाचर भिजणार.”

पाचव्या दिवशी ती माणसं पुन्हा आली, या वेळी तो चालत. फोड रेघेपर्यंत येऊन सुकले होते. बायकोनं एक फणस आणला होता. ती गेल्यावर मी विचारलं, “आणि ओलांडली असती तर?” ते म्हणाले, “कधी कधी ओलांडते. फार क्वचित. पण ओलांडली तरी वेढा पुरा होऊन कोणी मरत नाही रे. माणूस धास्तीनं मरतो. मी फक्त धास्तीला रेघ मारली.”

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो.

मंडळीच्या पिशवीचं ऑपरेशन मुंबईला ठरलं. रक्ताच्या दोन बाटल्या लागणार होत्या. एक मी दिली. दुर्बीणवाल्यांचा गट तिच्याशी जुळत होता, ते आपण होऊन रजा टाकून आले. आत गेले, त्यांचं रक्त तपासलं, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. तोंड उतरलेलं.

“माझं चालत नाही.”

“का नाय चालत? गट एकच हाय म्हणालात.”

“चालत नाही म्हणजे नाही.”

मी तिथं, शंभर माणसांत, बोललो. म्हटलं, “जन्मभर लोकांची बोटं टोचलीत, आणि आज आपल्या अंगातनं थेंब काढायची वेळ आली तर फाटली काय?” ते आपल्या बोटांकडं बघत उभे राहिले. मग जिना उतरून गेले. दोन तासांनी परत आले ते मुंबईतल्या आमच्या गावकीच्या खोलीवर राहणाऱ्या दोन पोरांना घेऊन. एकाचा गट जुळला, त्यानं रक्त दिलं. ऑपरेशन झालं. मी आभार मानले ते त्या पोरांचे.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. त्या काळात त्यांनी मला एकदा बाही वर करायला लावली आणि इंजेक्शन दिलं. महिन्यानं दुसरं, सहा महिन्यांनी तिसरं. मुंबईहून थर्मासात बर्फ घालून आणलेली. मंडळीलाही तीनच. मला वाटलं सरकारी हुकूम असेल. मी विचारलंही नाही, एवढा राग.

त्याच सुमाराला त्यांनी एक नवीन खूळ काढलं. न्हाव्याकडं जाताना स्वतःचा वस्तरा न्यायचे, बिस्किटाच्या डब्यात. न्हाव्याला लागलं. “माझा काय गंजलाय?” तर दुसऱ्या दिवसापासून दाढी घरी. ती धड जमायची नाही, गालावर चिकटपट्ट्या. कापलं की ते रक्त स्वतः पुसायचे, त्या जागेवर स्पिरिट ओतायचे, कापूस जाळायचे. लोक म्हणाले, घाटावरचं सोवळं उशिरा उगवलं. पण चहा मात्र कोणाच्याही कपातून प्यायचे, कोणाच्याही ताटात जेवायचे. हे कसलं सोवळं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

राग किती दिवस टिकतो. एका दुपारी पाऊस धरला होता, दवाखान्यात कोणी नव्हतं, मीच चहा केला आणि त्यांच्यापुढं ठेवला. ते म्हणाले, “माझ्याकडं एक कूळ निघालंय.”

“कधीपासनं?”

“लहानपणापासून असणार. मुंबईला कळलं.”

मला वाटलं, घाटावरची जमीन. म्हटलं, “मग सातबारा काढा. महाडला एक वकील हाय, कुळांच्या केसेस त्याला तोंडपाठ. लहानपणापासनं कसतोय म्हंजे अवघड हाय, पण बघू.”

ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. “बघू,” म्हणाले.

त्यानंतर मी दर दोन-चार महिन्यांनी विचारायचो, कुळाचं काय झालं. ते म्हणायचे, “आहे. बसलंय पडवीत.” मी वकिलाचा पत्तासुद्धा आणून दिला. तो कागद त्यांनी घडी करून दुर्बिणीच्या पेटीत ठेवला.

रिटायर झाल्यावर घाटावर गेले नाहीत. पोलादपूरच्या बाजारात खोली घेऊन राहिले. मंडळी मला दर बाजाराला त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी देऊन पाठवायची. चौथ्या वर्षी मी गेलो तर खाटेवर होते. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या, डोळे हळदीसारखे. मला म्हणाले, “कुळानं जमीन नावावर करून घेतली रे.”

मी म्हटलं, “जाऊ द्या हो जमीन. तुम्ही तब्येत बघा.”

तेव्हाही हसले. हसताना पोट धरलं.

घरी येऊन मंडळीला सांगितलं, की जमीन गेली म्हणून माणसानं हाय खाल्लीय. ती भाकरी थापत होती. हात थांबले. म्हणाली, “अवो, जमिनीचं नाय ते. तुम्हाला खरंच कळलं नाय? काविळीचं कूळ हाय ते, रक्तातलं. यकृतात बसलंय. म्हणून तुमच्या बायकोला रक्त दिलं नाय त्यांनी. दिलं असतं तर ते माझ्या घरात आलं असतं.”

“तुला कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. इंजेक्शन कशाचं म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही विचारलंत काय?”

लहानपणी कुठल्याशा न उकळलेल्या सुईतून आलं असणार, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. मोठ्या माणसाच्या अंगात आलं तर बहुतेकदा तो हाकलून देतो, पोराच्या अंगात आलं की बसतं. वीस मिनिटं त्यांनी मला उकळायला लावलं तेव्हा त्यांना स्वतःचं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेलो. बोलायचं होतं. त्यांच्या खाटेजवळ बसलो, पण मला बोलता येत नाही, कधीच आलं नाही. डब्यातला वस्तरा घेतला, पाणी गरम केलं आणि त्यांची दाढी केली. एकदाही लागू दिलं नाही. झाल्यावर मी वस्तरा उकळायला ठेवला. ते डोळे मिटून म्हणाले, “वीस मिनिटं.”

त्या आठवड्यातच गेले.

पाहुणा जातो म्हणायचे ते. आठ-दहा दिवसांत जातो. पण एक गोष्ट हळू आवाजात पुढं जोडायचे, की कधी कधी पाहुण्याच्या गोंधळात घरच पेटतं. भाद्रपदात मंडळीला डासाचा ताप आला. सहा दिवस. महाडला नेलं, सलाईन लावलं, रक्तातल्या बारीक पेशी रोज मोजल्या, रोज कमी. सहाव्या दिवशी पाहुणा गेला. एकटा गेला नाही.

म्हणून मी त्या लुगड्याच्या काठानं मोजत बसलो होतो. सातव्या दिवशी सकाळी मोजलं तर अंतर आदल्या दिवसाइतकंच. आठव्या दिवशी तेच. मागं कण्यावर सुरुवात, पुढं बेंबीशी शेवट, आणि डावी बाजू कोरी. कोणी रेघ न मारता रेघेवर थांबली होती. मी पडल्यापडल्या त्यांना शिवी हासडली. म्हटलं, दुर्बीणवाल्या, निदान माझ्या वेळी तरी तुझं खोटं ठरायचं होतं.

मग माझं मलाच ऐकू आल्यासारखं झालं. काय घरमालक, कोण आलंय आज?

कोण म्हणजे, माळ्यावरचा. मी पहिल्यांदा नीट विचार केला. हा तोच, कांजिण्यांचा. पन्नास वर्षं निजलेला. हा आला तेव्हा घरात फोडणी बंद होती. हा अंगात होता तेव्हा ती कडुलिंबाचा डहाळा फिरवत होती. माझे हात बांधून मला लहान पोरगा म्हणत होती. तिला अठराव्या वर्षी बघितलेलं आता कोणी उरलं नाही. तिची आईबापं गेली, माझी गेली, दुर्बीणवाले गेले. आणि हा उरलाय.

सून भाकरी घेऊन आली. मी म्हटलं, “डॉक्टरकडं जाऊ.”

तिनं ताट ठेवलं आणि ती पदरानं डोळे पुसून रिक्षा बघायला गेली. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात बाबा, फोड जातील पण आग काही महिने राहील. दुखण्याच्या गोळ्या दिल्या.

आता फोड सुकलेत. खपल्या पडतायत. हात शिवशिवतो, पण काढत नाही. आग आहे, रात्री जास्त. त्याला म्हणतो, झालं ना भेटून, जा आता वर. झोप.

माळ्यावर जागा हाय.